घंटेतलं नाव

दुसरं महायुद्ध संपल्यावर ती जुनी विनाशिका युद्धनौका भंगारात निघाली. तिची पितळी घंटा नगरभवनात आली. महापौरांनी जहाजाची कामगिरी वाचली: मालवाहू जहाजांचे एकतीस ताफे सुखरूप पोचवले, एक पाणबुडी बहुधा बुडवली. "बहुधा?" त्या जहाजावर तरुणपणी बॉयलर सांभाळलेल्या म्हाताऱ्या सायलसने तिच्या युद्धकाळातल्या कप्तानाला गाठलं. "त्या दिवशी बुडालेल्या मालवाहू जहाजाची माणसं पाण्यात होती ना, साहेब?" "होती. त्यांच्याच खाली पाणबुडीचा आवाज येत होता. पाण्याखाली फुटणारे बॉम्ब त्यांच्यामध्येच टाकावे लागले." "त्यांनी पाहिलं तुम्हाला?" "पाहिलं. वाचलो म्हणून आनंदाने ओरडले." "आणि पाणबुडी?" "सापडली नाही." सायलसने घंटेत हात घातला. खलाशांच्या बाळांचा बाप्तिस्मा जहाजाच्या उलट्या घंटेतल्या पाण्याने व्हायचा, नाव आत कोरलं जायचं. एका नावावर बोट थांबलं. "हा माझा क्लेमंट. त्या मालवाहूवर होता. सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला असेल, साहेब. आपलं जहाज दिसलं ना त्याला."