तारे गळाले ते साल

"आडनाव?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"प्रुइट," रॅन्सम म्हणाला.

मागे रांगेत कुजबुज झाली. सकाळपासून बेलफोर्डच्या कचेरीत आलेल्या प्रत्येकानं स्वतःला आवडेल ते नवं आडनाव सांगितलं होतं. जुन्या मालकाचं नाव कुणी तोंडातही घेतलं नव्हतं.

"मालकावर भारी जीव दिसतोय अजून," कारकून हसला.

"जीव नाही, साहेब. आमच्या मुलीला तेवढंच नाव ठाऊक आहे."

१८६६ चा ऑगस्ट होता. गुलामी संपून वर्ष उलटलं होतं आणि उत्तर कॅरोलिनात नवा कायदा आला होता. गुलाम असताना ज्यांनी संसार केला, त्यांनी कचेरीत येऊन तो नोंदवायचा, म्हणजे ते रीतसर नवरा-बायको. तोवर त्यांचं लग्न म्हणजे मालकाची मर्जी. आसपासची म्हातारीकोतारी जोडपी ठेवणीतले कपडे घालून उन्हात उभी होती. काहींच्या कडेवर नातवंडं होती. रॅन्सम आणि त्याची बायको झिल्फा नऊ मैल चालून आले होते.

"कधीपासून एकत्र राहता?"

"तारे गळाले त्या सालापासून," झिल्फा म्हणाली.

कारकुनानं टाक खाली ठेवला. "म्हातारे, वहीत तारे लिहिता येत नाहीत. आकडा सांग."

आकडा तिच्यापाशी नव्हता. आकडे कुणी शिकूच दिले नव्हते.

"मी दहा वर्षं लिहितो. कायद्याला दहा काय नि तीस काय, सारखंच."

"कायद्याला असेल." झिल्फानं आपला हात उघड्या वहीवर ठेवला, नेमका त्या रिकाम्या जागेवर. "मला नाही."

दोन वर्षांपूर्वी असं केलं असतं तर तिच्या पाठीची सालटी निघाली असती. रॅन्समनं तिच्याकडे पाहिलं, आणि एक पाऊल पुढे येऊन तिला खेटून उभा राहिला.

"हात काढ," कारकून म्हणाला.

"काढते. आधी ऐका. टेम्पी आमची थोरली. लग्नानंतरच्या सुगीत झाली. चौदाची होती तेव्हा तिला अलाबामाला विकली. आता तीही मोकळी आहे. आम्हाला शोधत येईल, कुणाकडून तरी ही वही वाचून घेईल. तुम्ही दहा लिहिलंत, तर वही तिला काय सांगेल? की तू झालीस तेव्हा हे दोघं एकमेकांचे कुणी नव्हते. मग तू तरी कुणाची?"

तिचा आवाज चढला नाही. डोळेही कोरडेच होते. हात मात्र तसूभर हलला नाही.

"अगं, पण साल कुठलं?" कारकून वैतागला.

"तारे गळाले ते!" या वेळी रांगेतून चार-पाच जण एकदम बोलले.

"त्या पहाटे आभाळातून ताऱ्यांचा पाऊस पडत होता, आणि आमचा मुकादम गुडघे टेकून आमची माफी मागत होता," एक म्हातारा म्हणाला. "उजाडलं, जग जागच्या जागी दिसलं, तसा चाबूक घेऊन पुन्हा हजर."

सगळे हसले.

"आणि हा," झिल्फानं कोपरानं रॅन्समला ढोसलं, "धावत माझ्या खोपटाशी आला. म्हणे, जग बुडतंय, माझ्याशी लग्न कर. म्हटलं, बुडतंयच तर हो म्हणायला काय जातंय! पुढच्या शनिवारी आमच्या लग्नाच्या रीतीप्रमाणे जोडीनं झाडूवरून उडी मारली. जग काही बुडलं नाही. हा मात्र गळ्यात पडला तो पडलाच."

कारकून हसला नाही. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "माझ्या आईनं ती पहाट घरच्या बायबलात टिपून ठेवलीय. नोव्हेंबर, अठराशे तेहेतीस."

झिल्फानं हात उचलला. त्यानं लिहिलं.

"म्हणजे तेहेतीस वर्षं होत आली," तो म्हणाला.

"तेहेतीस!" रॅन्सम चकित झाला. "इतकी?"

"मला जास्त वाटली होती," झिल्फा म्हणाली.

रॅन्समनं सहीच्या जागी फुली मारली. तिच्याशेजारी झिल्फानं मारली, जरा मोठी. पण ती जागची हलेना.

"आता काय राहिलं?"

"पान कितवं, साहेब? आणि वरून ओळ कितवी?"

कारकुनानं बोटानं ओळी मोजल्या. "पान एकोणपन्नास. ओळ अकरा. आता पुढचे!"

कचेरीच्या पायऱ्या उतरताना दोघं तेच पुटपुटत होते. एक अडखळला की दुसरा पुरं करायचा. नदीच्या पुलापाशी दक्षिणेकडे निघालेली एक खेचरगाडी आडवी आली. झिल्फानं सरळ खेचराचा लगाम धरला.

"कुठं निघालास रे दादा?"

"जॉर्जियाला."

"अलाबामा त्याच्या पलीकडेच ना?"

"पण मी तिथवर जात नाही, मावशी."

"तू नको जाऊस. जाणारा भेटेल त्याला सांग. टेम्पी प्रुइट. आई-बाप जिवंत आहेत. बेलफोर्डची कचेरी, पान एकोणपन्नास, ओळ अकरा. म्हणून दाखव."

त्यानं म्हणून दाखवलं. तिनं आणखी दोनदा म्हणायला लावलं आणि मगच लगाम सोडला.

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली, तरी दोघं रस्त्यातच उभे होते. झाडांपलीकडून गाडीवानाचा आवाज येत होता. विसरू नये म्हणून त्यानं ते शब्द कापूस वेचतानाच्या गाण्याच्या चालीत बसवले होते, आणि तो ते मोकळ्या गळ्यानं गात चालला होता.