शेवटपर्यंत बघणारे

तिची नऊ मिनिटांची फिल्म इंटरनेटवर टाकून आठवडा झाला होता. वर्गातल्या बाकीच्यांच्या फिल्म लोक पहिल्या मिनिटातच सोडून देत होते. हिची मात्र शंभरावर लोकांनी शेवटपर्यंत पाहिली होती. आकडे बघून सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नऊ मिनिटं कुणी जागचं हलत नाही? आणि सगळे सकाळी अकरा ते संध्याकाळी सात याच वेळात बघतात? प्रेक्षक विकत घेतले असशील, तर प्रोजेक्ट बाद."

ती रडकुंडीला आली. मग तिच्या एकदम लक्षात आलं, ही तर आईच्या पार्लरची वेळ.

ती तडक तिथे पोचली. तीन बायका केसांना रंग लावून ओळीने बसल्या होत्या. तिघींच्या हातात मोबाइल आणि तिन्ही मोबाइलवर तिचीच फिल्म.

"आई, हे काय चाललंय?"

"रंग चढेपर्यंत त्यांना बसावंच लागतं," आई ब्रश धुता धुता म्हणाली. "म्हटलं, तेवढ्यात लेकीचं काम बघा. अडकलेली माणसं, बघतात बिचारी."

तिचं तोंड एवढंसं झालं. तरी सरांना दाखवायला म्हणून तिने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. तेवढ्यात टायमर वाजला.

"ताई, झाला तुमचा रंग. चला, केस धुऊ," आईने हाक मारली.

कडेच्या खुर्चीतल्या बाईंनी मान वर न करताच हात आडवा केला.

"थांब गं जरा. हे संपल्याशिवाय मी काही उठायची नाही."