सहावा अर्थ

“मामांनू, आज खंयचो अर्थ?” शेवंतीने विचारले. तिच्या कपाळावर ताजे कुंकू होते. दर अमावास्येप्रमाणे मागच्या फणसाखाली सासूच्या नावाचे पान कावळ्यास ठेवून ती पडवीत येऊन बसली होती.

हरिश्चंद्रांनी मांडीवर इंग्रजीचा शब्दकोश उघडला. मालवणच्या त्या वाडीत असा ग्रंथ दुसऱ्या कोणापाशी नव्हता. ते इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले होते आणि साऱ्या वाडीची पत्रे तेच वाचीत. सत्तावन्न सालच्या चैत्रात मात्र पत्र त्यांच्याच दारी आले. पुत्र गणपत आगबोटीवर खलाशी होता. बोटीच्या कंपनीने त्याच्या नावापुढे एकच शब्द लिहिला होता: ‘लॉस्ट’.

कोशात त्या शब्दाचे सहा अर्थ निघाले. हरिश्चंद्रांची दृष्टी प्रथम शेवटच्या अर्थावर पडली. त्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला आणि सुनेला पहिला अर्थ सांगितला: हरवलेला.

“हरवललो कधी ना कधी गावता,” शेवंती तेव्हा म्हणाली होती. “आणि दुसरो?”

“इंग्रजी भाषा मोठी गो बाय. एकेका शब्दाच्या पोटात सा-सा अर्थ. दमान सांगतंय.”

तेव्हापासून दर अमावास्येस एक. वाट चुकलेला. विचारात गढलेला. हातचा निसटलेला. हरलेला. एकेका अर्थाच्या आधाराने सुनेचे कुंकू आणखी एक महिना टिके. पोरीचे वय अवघे बावीस. आज श्रावणातली अमावास्या. आता अंगठा उचलल्यावाचून गत्यंतर नव्हते.

“एकच रवलो गो,” ते कसेबसे म्हणाले.

“तो वाचू नकात.” शेवंतीने हात पुढे करून कोश मिटला. “माका तो पयल्याच दिसाक कळलो. दर्यान न्हेलल्या माणसाचो अर्थ एकच आसता, मामांनू. ह्यां कुकू मी तुमच्यासाठी लायतंय.”

हरिश्चंद्र भिंत धरून उठले. किती तरी महिन्यांनी ते मागील दारी गेले. फणसाखाली केळीचे पान होते. कावळा अद्याप शिवला नव्हता. त्यांच्या पत्नीने उभ्या जन्मात गोड पदार्थ तोंडाला लावला नव्हता.

पानावर गोड रसातल्या खापरोळ्या होत्या, गणपतच्या आवडीच्या.