मावशीने घातलेली वेणी

सलग आठ दिवसांची ड्यूटी संपवून नर्सबाई दोन्ही लेकींना घेऊन समुद्रकाठी खडकांच्या कुशीतल्या शांत वाळूवर आल्या. मुली किल्ला करू लागल्या आणि बाईंचा डोळा लागला.

जाग आली तशा त्या दचकून उठून बसल्या. पण मुली जवळच खेळत होत्या. सकाळी घाईत मोकळ्याच राहिलेल्या त्यांच्या केसांच्या आता घट्ट वेण्या होत्या.

“कुणी गं घातल्या?”

थोरली म्हणाली, “मावशीने. छकुली पाण्यात चालली होती, तिला उचलून आणलं. म्हणाली, आईला झोपू दे, दमलीय बिचारी.”

बाईंचे डोळे भरून आले. “भलं होवो तिचं! कुठे गेली?”

“कुठेच नाही गेली.”

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. बाईंनी समुद्राकडे बघून हात जोडले, तेवढ्यात मानेवरून गार पाणी ओघळलं. त्यांनी हात मागे नेला. त्यांचीही वेणी घातलेली होती, ओलीचिंब. आणि तिचा शेंडा कुणीतरी अजून गुंफत होतं.