नुसतं विचारलं

कात्री जागेवर नव्हती. मास्तरांची कापड कापायची मोठी कात्री, जिला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं, त्यामुळे शोधाशोध घरभर झाली. मशीनखाली पाहिलं, चिंध्यांचा ढीग उपसला. मास्तरांच्या बायकोनं तर पिठाच्या डब्यातही डोकावून पाहिलं. कात्री तिथे कशाला जाईल, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मास्तर कधी आवाज चढवत नसत आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. कोटाला अस्तर लावत बसलेल्या सुनेकडे वळून ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "सूनबाई, काल माहेरी जाताना तुझ्या पिशवीत चुकून गेली नाही ना?"

सुनेच्या भावानं नुकतंच शिवणकामाचं दुकान टाकलं होतं. ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

मुलगा, म्हणजे तिचा नवरा, मशीनवर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मशीन खडखड चालू राहिलं. सुईखालचं कापड मात्र केव्हाच संपलं होतं.

सून उठली. आतून पिशवी घेऊन आली आणि मास्तरांच्या टेबलावर, कापायला अंथरलेल्या कापडावरच तिनं ती उपडी केली. कंगवा पडला, रुमाल पडला, बिस्किटांचा अर्धा पुडा पडला. एवढ्यावर भागलं असतं. पण तिनं पिशवी उलटी करून अस्तरही दाखवलं. तेव्हा कोपऱ्यात अडकलेली बामची बाटली खाली पडली आणि खट्कन वाजली.

कापडावर पडलेली बाटली अशी वाजत नाही. मास्तरांनी कापडाचा वरचा थर उचलला. खाली कात्री निवांत पडली होती. खालच्या थराची कड हलू नये म्हणून काल त्यांनीच ती वजन म्हणून ठेवली होती आणि बोलण्याच्या नादात तिच्यावर दुसरा थर अंथरला होता.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हातारे झालात हो!" बायको म्हणाली आणि हसत हसत पुन्हा काजं करायला बसली. मुलाचा जीव भांड्यात पडला. त्यानं मशीनवरचा पाय काढला.

सून एकेक वस्तू पिशवीत भरत होती. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. काही केलं नव्हतं तरी वाटत होती.

"मनावर घेऊ नकोस," मास्तर म्हणाले, "मी नुसतं विचारलं."

"हो बाबा. मला एकटीलाच."

मास्तर जरा गडबडले. "मग काय, सगळ्यांना विचारायला हवं होतं?"

"अजूनही विचारा की. नुसतं."

"अगं, आता तर सापडली!"

"मग तर सोपंच आहे."

मास्तर तसे गमत्या स्वभावाचे. सुनेचा रुसवा काढायची ही संधी त्यांना बरी वाटली. कात्री हातात धरून ते मुलाकडे वळले. "काय रे, तू नेलीस का कात्री?"

मुलगा हसायला गेला, पण स्वतःच्या बायकोकडे लक्ष गेलं आणि त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "नाही," तो म्हणाला आणि उगाच सुईत दोरा ओवायला लागला.

मग मास्तरांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. सुनेला विचारलं होतं तसंच, त्याच गोड आवाजात त्यांनी विचारलं, "आणि तू गं? तुझ्या पिशवीत चुकून गेली नाही ना?"

काजाच्या मध्यावर बायकोची सुई थांबली. कात्री समोर होती, नवऱ्याच्याच हातात. तरी तिचा चेहरा उतरला.

"मला विचारताय?" ती म्हणाली. "मला?"