दोघं सोबतच पडतात

पुण्यात प्रयोगशाळेत मी दोन जातींचे अणू निर्वात नळीत एकदम सोडते आणि पृथ्वी दोघांना सारखंच ओढते का, ते मोजते. सौंसरला घरी गेलं की आई दरवेळी विचारते, "हिमानी, कोणता आधी पडला?"

"दोघं सोबतच पडतात, आई."

"अजूनही? मग इतके वर्षं तू करून काय राहिली?"

या पावसाळ्यात अचानक एक अणू आधी पडायला लागला. यावर जगात कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. सगळे म्हणणार, तुमच्या यंत्रातच खोट आहे. आम्ही लेझर बदलला, आरसे पुसले, पंप खोलून पुन्हा बसवला, एकमेकांवर खेकसलो. खोट काही सापडेना. शेवटी वैतागून घरी फोन लावला.

"आई, एक अणू आधी पडून राहिला. डोकं फिरलं माझं."

"पावला वं बाई!" आई आनंदानं ओरडलीच. "जामसांवलीच्या मारुतीले मीच नवस बोलली होती, एक तरी आधी पडू दे म्हणून."

मी कपाळावर हात मारला. नवसबिवस मी मानत नाही. पण तपासायचं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

 

"आई, नवस वापस कसा घेतात वं?"