खिडकीची उंची

“शाळे, तुझी सगळ्यात लाडकी मुलगी कोण गं?” शाळा तिचं नाव घेणार नाही अशी तेजल आणि टोळीने पैज लावली म्हणून व्हीलचेअरमधल्या मृण्मयीने वर्गाच्या बोलक्या भिंतीला विचारलंच.

“लाडकं-बिडकं मला नाही कळत,” शाळा म्हणाली. “पण मला नव्याने बांधणाऱ्या सगळ्यांचं काम एकाच नकाशात चालायचं, ते लक्षात आहे. गवंडीकाकांनी ही खिडकी दीड फूट खाली घेतली, तर प्लंबरने पाइप वळवला, वायरमनने बटणं सरकवली. त्या नकाशात प्रत्येकाने बदलाचं कारण एकच लिहिलंय: मृण्मयीला बसल्या बसल्या मैदान दिसावं.”

“जिंकलीस बाई,” तेजल पुटपुटली.

घरी आई-बाबा शहरातल्या दिव्यांग मुलांच्या खास शाळेचा फॉर्म भरत बसले होते. मृण्मयीने दारातूनच सांगून टाकलं, “तो फॉर्म ठेवा बाजूला. दहावी मी इथूनच करणार, माझ्या खिडकीपाशी बसून!”